मदत हवी आहे: फायबरच्या पुतळ्याला तडे, कुठली पुट्टी लावू? (अर्जंट)

डिचोलीकर: मंडळी, फायबरचा घुमटवादक (घुमट म्हणजे आपलं गोव्याचं मातीचं तालवाद्य) केलाय, १४ फुटी. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बारीक तडे गेलेत आणि एकातून तांबूस पाणी येतंय. पुट्टी भरली, रंग मारला, पाऊस पडला की परत तेच. पार्टी रोज फोन करते, चवथीआधी (गणेशचतुर्थी) नीट करून पाहिजे म्हणते. चांगली पुट्टी सांगा, लेक्चर नको.

मांडवीकाठ: उभा कुठे आहे? आतला सांगाडा कसला? फोटो टाका.

डिचोलीकर: सांगाडा लोखंडाचाच, आणखी कसला असणार? रेझिन साधं जीपी पॉलिएस्टर.

नरकासुर_पोरगो: आमच्या दिवाळीच्या नरकासुराला कधी तडा गेला नाय बॉस. वेल्डिंग मजबूत पाहिजे.

मांडवीकाठ: तो एक रात्र उभा राहतो रे बाबा, पहाटे तुम्हीच जाळता.

बोटवाला: पॉलिएस्टर म्हणजे कचरा. सगळं काढा नि इपॉक्सी मारा, मी बोटींवर तेच वापरतो.

मांडवीकाठ: इपॉक्सी उन्हात पिवळं पडून पावडर सुटते, वर पीयू (पॉलियुरेथेन) कोट लागतोच. शिवाय आपल्याकडे मिळणाऱ्या चॉप्ड मॅटचा (काचतंतूंच्या तुकड्यांची चादर) बाइंडर, म्हणजे तंतू धरून ठेवणारा डिंक, पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नाही, म्हणून मॅट ताठच राहते, घोट्याच्या वळणावर बसतच नाही. आणि विचारलं काय, सांगता काय! डिचोलीकर, जागा सांगा ना.

डिचोलीकर: मोरजीला, रिसॉर्टच्या गेटवर. समुद्र समोरच आहे. त्याचा काय संबंध?

जुनाखोड: ब्राँझ करायचं होतं. पणजीचा आबे फारियाचा ब्राँझचा पुतळा १९४५ पासून उभा आहे.

डिचोलीकर: ब्राँझचं बिल तुम्ही भरणार काय काका?

मांडवीकाठ: संबंध आहे म्हणूनच विचारलं. खारी हवा, साधा लोखंडी (एमएस) पाइप, गॅल्व्हनाइज (जस्ताचा मुलामा) नसणार. लोखंड गंजलं की आकारमान दुपटीच्याही वर जातं, ते आतून फायबरला ढकलतं, तडा तिथूनच येतो. वरून पुट्टी भरलीत की पाणी आतच कोंडतं. तळाला पाणी जायला भोक ठेवलंय? आत पीयू फोम भरलाय?

डिचोलीकर: फोम भरलाय, पोकळ वाजू नये म्हणून. भोक नाही.

सावंतवाडीचा: मालवणचा राजकोटवरचा पुतळा आठवतोय ना? ३५ फुटी, डिसेंबर २०२३ मध्ये उभा केला, २६ ऑगस्ट २०२४ ला आडवा. त्यात खरं तर राजकारणच...

मांडवीकाठ: राजकारण दुसऱ्या धाग्यावर. पण मुद्दा बरोबर, सगळं वजन त्या घोट्यांवर आहे. आपल्या आयएस ८७५ या बांधकामाच्या मानकात पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरलाय, म्हणजे तासाला १४० किमी. आज खालून दोरी लावून माणसं लांब ठेवा. मग ग्राइंडरने घोट्याला खिडकी कापा नि तळाच्या बेसप्लेटचे नट बघा.

डिचोलीकर: कापलं. फोम स्पंजासारखा गळतोय. नट स्क्रूड्रायव्हरनं खरवडला तर पापुद्रे निघताहेत. आता पुट्टी??

मांडवीकाठ: पुट्टी विसरा. पाय गुडघ्यापासून बदला, हॉट डिप गॅल्व्हनाइज पाइप, किंवा बजेट असेल तर एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६. ३०४ समुद्राजवळ डागाळतं. आणि एसएस पाइपला एमएसचे नट मारू नका, ते आधी संपतील. फायबर पूर्ण वाळू द्या, तड्याच्या दोन्ही बाजू लांबवर उतरत्या घासा, मग ४५० ग्रॅमची मॅट आयसो रेझिनवर (पाण्याला जास्त टिकणारं पॉलिएस्टर). खाली दोन भोकं ठेवा. चवथीचं सोडून द्या, या दमट हवेत घाई केलीत तर लॅमिनेट धरणार नाही.

वाद्यप्रेमी: एक विचारू का, घुमटाला कातडं कसलं दाखवलंय? घोरपडीचं चालत नाही आता, बकऱ्याचं असतं.

डिचोलीकर: पेंट आहे हो ते. पार्टीला मी सांगतो काय ते. पेडणे, म्हापसा बाजूला हायड्रा क्रेन भाड्याने कोण देतं? उद्याच पाहिजे.

बोटवाला: म्हापशात एकजण आहे, नंबर मेसेज करतो. आडवा करताना बेल्ट काखेखालून घ्या, घुमटाला नको, तो नुसता फायबर आहे. आणि रेझिनचा परत एकदा विचार करा.