आरक्षणाच्या सिस्टिमसाठी पोस्टग्रेस की मारियाडीबी?

नवी_ओळ:
सभागृहांच्या आरक्षणाचं सॉफ्टवेअर नव्यानं लिहायला घेतोय. आजवर मायएसक्यूएल हाच डेटाबेस वापरला. आता टीममध्ये एकाचा आग्रह मारियाडीबी या डेटाबेसचा, दुसऱ्याचा पोस्टग्रेसचा. वेगाच्या तुलना वाचून डोकं भणभणलंय, पण माझी काळजी वेगळी आहे: एकाच सभागृहाची दोन आरक्षणं एकमेकांवर चढता कामा नयेत. लायसन्सचंही सांगा.

जुना_डीबीए:
पोस्टग्रेस घ्या, तेही नेमकं याच काळजीपोटी. कोडमध्ये "आधी तपासा, मग नोंदवा" असं लिहिलंत की दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी तपासतात, दोघींना जागा रिकामी दिसते आणि दोन्ही नोंदी आत जातात. पोस्टग्रेसमध्ये वेळेसाठी रेंज टाइप आहे, म्हणजे सुरुवात आणि शेवट मिळून एकच किंमत. त्यावर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (एकमेकींशी टकरावणाऱ्या नोंदी नाकारणारा नियम) लावा: सभागृह तेच आणि वेळ ओव्हरलॅप होत असेल, तर दुसरी ओळ डेटाबेसच नाकारतो. आधी बीट्री-जिस्ट हे पोस्टग्रेसचं जोड-एक्स्टेन्शन चालू करा, नाहीतर सभागृहाचा आयडी या कन्स्ट्रेंटमागच्या इंडेक्समध्ये बसत नाही. रेंजचं शेवटचं टोक मुळातच वगळलेलं असतं, त्यामुळे १० ते १२ आणि १२ ते २ ही आरक्षणं भांडत नाहीत.

मायएसक्यूएलमध्ये सभागृहाची ओळ 'सिलेक्ट फॉर अपडेट' या कमांडनं लॉक करून (म्हणजे दुसऱ्या रिक्वेस्टला थांबवून) मगच तपासावं लागतं. चालतं, पण कोडमध्ये एका जागी कोणी विसरलं की घोळ झालाच.

लायसन्स: पोस्टग्रेसचं बीएसडी या ओपन सोर्स लायसन्सच्या धाटणीचं, अगदी मोकळं. मायएसक्यूएल २०१० पासून ओरॅकलकडे आहे, मारियाडीबी त्यातूनच फुटून निघालं, दोन्ही जीपीएल, म्हणजे सॉफ्टवेअर इतरांना वाटलंत तर सोर्स कोडही द्यावा लागतो. स्वतःच्या सर्व्हरवर चालवणार असाल तर त्यानं अडत नाही.

खिडकी_उघडी:
मारियाडीबीवर अन्याय नको. १०.५ पासून त्यात 'विदाउट ओव्हरलॅप्स' आहे: टेबलात पीरियड (सुरुवात आणि शेवटाच्या रकान्यांची जोडी) ठरवायचा आणि युनिक कीमध्ये, म्हणजे दुबार नोंद रोखणाऱ्या नियमात, तो घालायचा. हेच काम होतं. शिवाय मायएसक्यूएलची सवय असलेल्यांना फारसं नवं शिकावं लागत नाही.

नवी_ओळ:
मग मारियाडीबीच बरं वाटतंय. आम्ही रद्द झालेली आरक्षणंही त्याच टेबलात ठेवतो, फक्त स्टेटस बदलतो. चालेल ना?

जुना_डीबीए:
तिथेच अडेल. युनिक कीला अट लावता येत नाही, त्यामुळे रद्द झालेली ओळसुद्धा ती वेळ अडवून बसेल. मारियाडीबी घ्यायचं तर रद्द ओळी दुसऱ्या टेबलात हलवा. पोस्टग्रेसच्या कन्स्ट्रेंटला 'व्हेअर' ही अट जोडता येते: स्टेटस रद्द नसेल तेव्हाच तपास. स्टेटस बदललं की जागा आपोआप मोकळी, आणि इतिहासही हाताशी.

एक काळजी मात्र घ्या. पोस्टग्रेस अपडेट करताना ओळीची जुनी आवृत्ती टेबलातच ठेवतो. ती साफ करतो ऑटोव्हॅक्युम, ही त्याची मागे आपोआप चालणारी सफाई. तो बंद करू नका आणि ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के होणाऱ्या बदलांचा गट) तासन्‌तास उघडं ठेवू नका, नाहीतर टेबल फुगत जाईल.