ग्राइंडिंगनंतर शाफ्टवर केसासारखे तडे: व्हील मऊ घ्यावं का?

वाळूज_शॉपफ्लोअर
२०एमएनसीआर५ स्टीलचा शाफ्ट, केस हार्डन (कार्बन देऊन वरचा थर कडक केलेला), कडकपणा ६० एचआरसी, टेम्परिंग (हार्डनिंगनंतरची हलकी तापवणी) १७०° से. ३२ मि.मी. बेअरिंग सीटवर प्लंज ग्राइंडिंग (व्हील सरळ आत जातं, बाजूला सरकत नाही). व्हील ए६० एल (एल ही कडकपणाची ग्रेड), ४०० मि.मी., ३३ मी./से. जॉब ९० आरपीएम, फीड त्रिज्येवर ०.८ मि.मी./मिनिट. ड्रेसिंग (व्हील पुन्हा धारदार करणं) सिंगल पॉइंट डायमंडने, त्याचा ट्रॅव्हर्स म्हणजे सरकण्याचा वेग ८० मि.मी./मिनिट. आरए (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) ०.४ च्या आत येतो, पण क्रॅक टेस्टला ग्राइंडिंगच्या दिशेला आडवे तडे दिसतात. एप्रिल-मेमध्ये जास्तच. व्हील मऊ घेऊ का?

बोथट_डायमंड
व्हीलला हात लावू नका, आधी ड्रेसिंग बघा. ३३ मी./से. म्हणजे व्हीलचे मिनिटाला साधारण १५७५ फेरे. ८० ला त्याने भागा: एका फेऱ्यात डायमंड जेमतेम ०.०५ मि.मी. सरकतो. टोक ०.८ मि.मी. रुंद असेल तर व्हीलच्या प्रत्येक जागेवरून तो १६ वेळा जातो. अशाने कण बोथट होतात, व्हील कापत नाही, नुसतं चोळतं. तुमचा सुंदर आरए त्याचाच आहे, त्यावर भुलू नका. हा ओव्हरलॅप ४ ते ६ ठेवा, म्हणजे ट्रॅव्हर्स २१० ते ३१५. डायमंड झिजला की टोक रुंद होतं आणि त्याच ट्रॅव्हर्सला ओव्हरलॅप परत वाढतो, म्हणून तो अधूनमधून फिरवून बसवा.

दुसरं, ९० आरपीएम फार कमी. जॉबचा वेग ९ मी./मिनिटच पडतो आणि उष्णता एकाच जागी मुरते. २५० च्या आसपास न्या. त्याच फीडला दर फेऱ्याचा कट ०.००९ वरून ०.००३ मि.मी. वर येईल. चॅटर (थरथरीच्या खुणा) आला तर थोडं खाली या.

वाळूज_शॉपफ्लोअर
ट्रॅव्हर्स बदलतो. कूलंट बोअरच्या पाण्यात आहे, रिफ्रॅक्टोमीटर (कूलंटमधलं ऑइलचं प्रमाण बघायचा) ५ दाखवतो. पंपाचा दाब दीड बार.

पाणी_जड_आहे
५ हे नुसतं रीडिंग झालं. ऑइलच्या डेटाशीटवरच्या फॅक्टरने गुणल्याशिवाय टक्का कळत नाही. खरी गोची बोअरच्या पाण्याची. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडतं, क्षार मागे राहतात, वर तुम्ही पुन्हा जड पाणीच ओतता. मग इमल्शन (ऑइल-पाण्याचं मिश्रण) फुटतं, वर साय धरते, नोझल चोंदतं. रोजची भर आरओच्या पाण्याने घाला. पहिली भरणी मात्र नुसत्या आरओवर नको, फेस येतो.

दाबाचंही तेच. दीड बारला धार १७ मी./से. च्या आसपास सुटते, व्हील ३३ ने फिरतंय. व्हीलभोवतीचा हवेचा थर तिला बाहेर फेकतो. बरोबरीला यायला साडेपाच बार लागतात. पंप बदलणं जमत नसेल तर निदान नोझल जवळ आणा आणि त्याच्या अलीकडे हवा अडवणारी पट्टी लावा.

नायटल_वाला
हे सगळं करताना पुरावाही घ्या. ग्राइंडिंग न केलेले पाच जॉब आधी क्रॅक टेस्टला लावा. त्यांच्यावरही तडे असतील तर खोट हीट ट्रीटमेंटची. नसतील तरी ती सुटली असं समजू नका: कार्बन जास्त झालेला केस, म्हणजे वरचा कडक थर, ग्राइंडिंगच्या उष्णतेला लगेच तडकतो, तेव्हा एक जॉब कापून मायक्रोस्ट्रक्चर (धातूची आतली रचना) बघाच.

मग घासलेल्या सीटवर नायटल लावा, जळाल्याचे डाग दाखवणारं द्रावण. ५ टक्क्यांच्या आतलं नायट्रिक, अल्कोहोलमध्ये. ॲसिड अल्कोहोलमध्ये हळूहळू घाला, उलटं नाही, आणि घट्ट बुचाच्या बाटलीत साठवू नका. जॉबवर तेलाचा अंश नको, नाहीतर खोटे डाग दिसतात. एकसारखा राखाडी रंग ठीक. काळपट पट्टा म्हणजे कातडी टेम्परिंगच्या वर तापून नरम पडली. काळ्याच्या मध्ये पांढरा ठिपका म्हणजे पुन्हा हार्डन झाली, ठिसूळ. तडे बहुधा तिथूनच.

पट्टा एकाच बाजूला असेल तर व्हील-कूलंट सोडा, रनआउट (फिरताना शाफ्ट किती डुगडुगतो ते) मोजा. हार्डनिंगमध्ये शाफ्ट वाकला की एका बाजूला स्टॉक (घासून काढायचा माल) जास्त येतो आणि रफचा सगळा कट तीच बाजू खाते. आधी सेंटर (शाफ्टच्या टोकांची आधाराची भोकं) घासून घ्या, मग सीट.