यवतेश्वर घाटात गाण्याच्या ठेक्यावर धावताना दम का तुटतो?

पहाटेची_पावले (प्रश्न):
नमस्कार. मी साताऱ्यात राहते, वय ४२, गेली दोन वर्षे नियमित धावते. शाहू क्रीडा संकुलाच्या मैदानावर मिनिटाला १६० ठोक्यांची गाणी कानाला लावून, प्रत्येक ठोक्याला एक पाऊल टाकत धावले, की माझा वेग किलोमीटरला सात मिनिटांच्या आसपास स्थिर राहतो आणि घड्याळाकडे पाहावेही लागत नाही. गेल्या रविवारी तीच गाणी घेऊन समर्थ मंदिराच्या बाजूने यवतेश्वर घाट चढू लागले, तर दुसऱ्या वळणापर्यंत छाती धडधडू लागली आणि पुढे चालतच जावे लागले. सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा निम्मा मार्ग चढाचा असल्याने हा प्रश्न टाळता येणार नाही. घाटासाठी १४० किंवा १३० ठोक्यांची संथ गाणी निवडावीत का?

गणिती_धावक:
ताई, गाणी बदलण्याआधी गाणे नेमके काय ठरवते, ते पाहू. गाण्याचा ठोका आपण मिनिटाला किती पावले टाकता एवढेच ठरवतो. वेग मात्र पावलांची संख्या आणि एका पावलाची लांबी यांच्या गुणाकारातून येतो. १६० पावले आणि प्रत्येक पाऊल ९० सेंटिमीटरचे धरले, तर मिनिटाला १४४ मीटर अंतर पडते, म्हणजे किलोमीटरला सात मिनिटांहून किंचित कमी. मैदानावर आपले पाऊल सवयीने तेवढेच पडते, म्हणून गाणे वेग राखते आहे असा भास होतो. घाटात आपण ठोकाही तोच ठेवला आणि बहुधा पाऊलही तेवढेच टाकण्याचा प्रयत्न केला, म्हणजे सपाटीचाच वेग चढावर मागितला. शरीराला तो परवडणार कसा?

माझ्या मते ठोका फार उतरवू नये, पाऊल आखूड करावे. १६० पावलेच, पण ६५ सेंटिमीटरची टाकली, तर मिनिटाला १०४ मीटर होतात आणि किलोमीटरला साधारण साडेनऊ मिनिटे लागतात. तो वेग मनाला लागतो खरा, पण चढावर तोच आपला वेग आहे. उलट १३० ठोक्यांचे गाणे लावले, तर प्रत्येक पाऊल लांब पडू लागते आणि पोटरीला व मांडीला दर पावलाला अधिक जोर लावावा लागतो.

जाता जाता, १८० पावलांचा आकडा आपल्या ऐकण्यात आला असेल. जॅक डॅनियल्स या अमेरिकन प्रशिक्षकांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधील धावपटूंची पावले मोजली, त्यावरून तो रूढ झाला. ती मंडळी शर्यतीच्या वेगात धावत होती. किलोमीटरला सात मिनिटे घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो आकडा गाठण्याचा अट्टहास धरण्याचे कारण नाही. स्वतःची संख्या हवी असेल, तर गाणे बंद करून अर्धा मिनिट फक्त उजवे पाऊल मोजावे आणि चारने गुणावे. ती वाढवायचीच असेल, तर एका वेळी पाच टक्क्यांहून अधिक वाढवू नये.

ठेकेदार_तबल्याचा:
वरील गणित पटले. मी धावतो कमी आणि तबला वाजवतो अधिक, म्हणून लयीच्या बाजूने थोडे लिहितो.

गाण्याचा वेग सांगणारी अॅप्स लय आणि दुगुन (दुप्पट लय) यांत हमखास गोंधळतात. ज्या गाण्याला अॅप ८० म्हणते, त्याच्या प्रत्येक ठोक्यात दोन पावले सहज बसतात आणि ते धावण्यासाठी १६० चेच ठरते. दुसरे असे की जुनी भावगीते, लावण्या, भजने ही माणसांनी एकत्र बसून वाजवलेली असतात. शेवटच्या कडव्याला लय चढते, मैफिलीत त्याचीच गंमत असते. त्यावर पावले टाकणारा मात्र नकळत ओढला जातो. आपल्या यादीत अशी गाणी असतील, तर दम तुटण्याला त्यांचाही हातभार असू शकेल. पहिल्या कडव्याला आणि शेवटच्या कडव्याला पंधरा सेकंद टाळी धरून मोजून पाहावे.

लय काटेकोर हवी असेल, तर गाण्याऐवजी रियाजाचे इलेक्ट्रॉनिक तबल्याचे अॅप लावून पाहा. मात्रेचा, म्हणजे तालातल्या एका ठोक्याचा, वेग १६० वर ठेवला की तो तिथेच राहतो. त्यात माझी शिफारस केरवा तालाऐवजी दादरा तालाची आहे. केरव्यात आठ मात्रा असतात, त्यामुळे सम (पहिली मात्रा) आणि ‘खाली’ (पाचवी मात्रा) दोन्ही एकाच पायावर येतात. ठेक्याच्या नादात त्याच पायावर किंचित अधिक जोर पडत राहतो. दादऱ्यात ‘धा धिं ना’ आणि ‘धा तिं ना’ असे तीन-तीन मात्रांचे दोन भाग असतात, म्हणून सम डाव्या पायावर आली तर चौथी मात्रा उजव्या पायावर येते आणि जोर आपोआप वाटला जातो. ब्लूटूथमुळे आवाज थोडा उशिरा कानी पोहोचतो, पण प्रत्येक ठोक्याला तेवढाच उशीर होत असल्याने लय बिघडत नाही.

घाटवाट_सातारा:
दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, तरीही घाटात कानात काहीच नसावे असे माझे ठाम मत आहे. पावसाळा सरताना कासच्या फुलांसाठी येणाऱ्या गाड्यांची तिथे रीघ असते, वळणावर धुके असते आणि मागून आलेला हॉर्न ऐकू आलाच पाहिजे. शिवाय संगीतामुळे श्रम कमी जाणवतात हे खरे असले, तरी ते मुख्यतः हलक्या आणि मध्यम श्रमात. धाप लागण्याच्या पुढे गेल्यावर शरीराची तक्रार गाण्याला बधत नाही. चढावर मी एवढेच पाहतो की शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येते आहे की नाही. स्पर्धेत इअरफोन चालतात का, हेही आयोजकांच्या सूचनांत आधी वाचून घ्यावे. सरावभर ठेक्याची सवय लावून ऐन दिवशी तो काढून ठेवावा लागला, तर पंचाईत होते.

पहाटेची_पावले:
सर्वांचे मनापासून आभार. या रविवारी प्रयोग केला. आधी मैदानावर दादरा १६० वर लावून दोन किलोमीटर धावले, मग इअरफोन खिशात ठेवून घाट चढले आणि पाऊल मुद्दाम इतके आखूड टाकले की पहिली पाच मिनिटे स्वतःचेच हसू येत होते. दुसरे वळण धाप न लागता पार झाले. तिसऱ्या वळणाच्या पुढे उजवे पाऊल मोजले, तर अर्ध्या मिनिटात ३९ भरले, म्हणजे १५६. दादरा कानात नसूनही पायात बऱ्यापैकी टिकला होता. वेग किलोमीटरला पावणेदहा मिनिटे पडला. यादीतली गाणीही टाळी धरून मोजली; माझे सर्वांत आवडते गाणे १५८ वर सुरू होऊन १७१ वर संपते असे आढळले, म्हणून ते आता स्वयंपाकघरात ऐकते.

परतीच्या उतारावर मात्र पावले आपोआप लांब पडू लागली आणि गुडघ्यांना दणके बसले. तिथेही आखूड पावलांचाच नियम लावायचा का?

गणिती_धावक:
होय, उतारावर तर अधिकच. पाऊल शरीराच्या फार पुढे पडले की टाच ब्रेकसारखी आदळते आणि तो भार गुडघ्यावर येतो. १६० ऐवजी १६५ च्या सुमाराने पावले टाकून पाहा आणि पहिल्या दिवशी एक किलोमीटरच करा.