तांदळाच्या पाण्याने केस काथ्यासारखे झालेत, काय चुकलं?

कुरळी_वाकड:
मंडळी, वैतागून लिहितेय. केस कुरळे, खांद्याखाली, दिवाळीत हायलाइट्स केलेले. टोकं तुटायला लागली तेव्हा पार्लरमधली ताई म्हणाली, प्रोटीन कमी पडतंय, आणि एक मास्क दिला. मी अतिशहाणी. त्याच्या जोडीला दर रविवारी अंडं-दही आणि बुधवारी तांदळाचं पाणी सुरू केलं. पहिले दोन आठवडे अहाहा! कुरळे कसे गोल बसत होते. आता दोन महिन्यांनी हात फिरवला की नुसता काथ्या, विंचरताना कटाकटा मोडतात. आई म्हणाली खोबरेल चोप. चोपलं, तर आणखीच कडक. सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी आहे, तेही सांगून ठेवते.

ठाणेकर_लॅबवाली:
आधी एक कर. गळलेला एक केस ओला करून दोन्ही टोकांनी हळू ताण. चांगला ओला केस साधारण ३० टक्के ताणून परत मूळ लांबीवर येतो. ताणताच तुटला तर मऊपणा कमी पडतोय. शिजलेल्या शेवईसारखा लांबतच गेला आणि परत आला नाही, तर प्रोटीन हवंय.

बाकी अंड्याचं म्हणशील तर कच्च्या अंड्यातलं प्रोटीन केसात शिरण्याइतकं लहान नसतंच. मास्कवर 'हायड्रोलाइज्ड' लिहितात ते तुकडे केलेलं प्रोटीन. हायलाइट्सच्या ब्लीचने खरखरीत झालेल्या जागी ते चिकटतं, तेही बरंचसं वरच्यावर. म्हणून आधी छान वाटतं, मग थरावर थर.

पैठणी_आजी:
अगं, तांदळाचं पाणी म्हणजे पेजच की! आम्ही सुती साड्यांना पेजेची खळ द्यायचो, वाळल्यावर साडी उभी राहायची. तू केसांना दर बुधवारी खळ देतेयस.

ठाणेकर_लॅबवाली:
आजी, अगदी बरोबर! त्यात प्रोटीन नावापुरतं, स्टार्चच जास्त. वर बोअरच्या पाण्यातले क्षार. खोबरेलाचा दोष नाही. ते केसात शिरतं आणि धुताना जाणारं प्रोटीन वाचवतं. मॅरिकोच्या संशोधकांनी २००३ मध्ये खनिज तेल आणि सूर्यफुलाच्या तेलाशी तुलना करून हेच छापलं होतं (कंपनी तेलवालीच, पण प्रयोग पटण्यासारखा). फक्त तेल म्हणजे ओलावा नव्हे. ते उलट पाणी आत शिरू देत नाही.

एकदा ईडीटीए (क्षार पकडून काढणारा घटक) असलेल्या क्लॅरिफायिंग, म्हणजे साचलेले थर काढणाऱ्या शाम्पूने धू. मग महिनाभर बिनप्रोटीनचा कंडिशनर, लेबलवर व्हीट, सिल्क, केराटिन काही नको. सीटिल अल्कोहोल दिसलं तर घाबरू नकोस, ते केस कोरडे करणारं अल्कोहोल नव्हे. ओल्या केसांना भरपूर लाव आणि बोटांनीच गुंता सोडव.

कुरळी_वाकड:
तीन आठवड्यांनी आले. त्या दिवशी केस ताणताच तुटला होता. शाम्पूनंतर पहिल्याच धुण्यात फरक, शेवटचं पाणी आरओचं घेते, एक तांब्या. आता केस ताणून परत येतो. पण हायलाइट्सची टोकं अजून तशीच. तिथे मास्क पुन्हा लावू का?

ठाणेकर_लॅबवाली:
लाव, पण फक्त टोकांना आणि महिन्यातून एकदा. जिथे फाटे फुटलेत तिथे मात्र कात्रीच. दोन इंच जातील.

कुरळी_वाकड:
दोन?! बरं. शनिवारी जाते, दुसऱ्या पार्लरमध्ये.