जावास्क्रिप्ट: तालुका, मुदत आणि येणे बाकी अशा तीन निकषांवर बिलांची यादी कशी लावावी?

होटगी_रोड

नमस्कार. सोलापुरात चादरी आणि टॉवेलांचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका पेढीसाठी मी उधारीच्या बिलांची यादी दाखवणारे पान तयार करत आहे. प्रत्येक बिल हे एक ऑब्जेक्ट (नावे दिलेल्या मूल्यांचा संच) असून त्यात गिऱ्हाइकाचा तालुका, पैसे देण्याची मुदत आणि येणे बाकी या तीन गोष्टी आहेत. वसुलीला जाणारा माणूस एका दिवशी एकच तालुका उरकतो, म्हणून यादी आधी तालुक्याप्रमाणे लागावी, एका तालुक्यात ज्याची मुदत आधी संपते ते बिल वर यावे आणि मुदतही एकच असल्यास मोठी बाकी आधी दिसावी, अशी मालकांची मागणी आहे. सध्या सॉर्ट (यादीचा क्रम लावणारी पद्धत) तीनदा चालते: प्रथम तालुक्यावर, मग मुदतीवर आणि शेवटी बाकीवर. परंतु हाती येणारी यादी केवळ बाकीच्या क्रमाने लागलेली असते आणि बार्शी, पंढरपूर, सांगोला यांची सरमिसळ होते. शिवाय ९,५०० ची बाकी १२,००० च्या वर दिसते, ते का?

जुळे_सोलापूर

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आपल्या ऑब्जेक्टमध्ये बाकी ही संख्या नसून स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असावी. स्ट्रिंगांची तुलना अक्षरागणिक होते आणि पहिल्याच अक्षरात ९ हा १ पेक्षा मोठा ठरतो. रूपांतर करताना स्वल्पविराम आधी काढून टाकावेत, कारण ‘नंबर’ फंक्शनला स्वल्पविराम असलेला आकडा किंवा देवनागरी अंक दिले, तर उत्तर ‘नॅन’ (‘संख्या नाही’) येते.

आता क्रमाविषयी. सॉर्टला दिलेल्या फंक्शनने दोन बिले पाहून ऋण, शून्य किंवा धन असे एकच उत्तर द्यायचे असते. तीन निकष असले तरी फंक्शन एकच राहते. पहिल्या निकषावर बरोबरी झाली तरच दुसऱ्याला विचारायचे, तिथेही बरोबरी झाली तर तिसऱ्याला. जावास्क्रिप्टमध्ये शून्य हे असत्य मानले जात असल्यामुळे ही साखळी ‘किंवा’च्या चिन्हाने एका ओळीत बसते:

(अ, ब) => तालुकातुलना(अ, ब) || अ.मुदत - ब.मुदत || ब.बाकी - अ.बाकी

(चलांना देवनागरी नावे चालतात, त्यामुळे ही ओळ जशीच्या तशी वापरता येईल; दोन बिलांच्या तालुक्यांची तुलना करणारे ‘तालुकातुलना’ हे फंक्शन मात्र आपण लिहायचे.) बाकी उतरत्या क्रमाने हवी म्हणून तिथे अ आणि ब यांची अदलाबदल केली आहे. संपूर्ण यादी शेवटी उलटवण्याचा मोह टाळावा, कारण त्याने तालुके आणि मुदतीही उलट्या होतील. तसेच फंक्शनमधून ‘अ मोठा आहे का’ याचे सत्य-असत्य उत्तर परत करू नये. त्याचे एक किंवा शून्य होते, ऋण उत्तर कधीच मिळत नाही आणि क्रमाचा भरवसा राहत नाही.

दत्त_चौक

वरील उत्तर योग्यच आहे, पण तीनदा सॉर्ट करण्याची पद्धत मुळात चुकीची नाही. फक्त क्रम उलटा हवा. आधी बाकी, मग मुदत आणि सर्वांत शेवटी तालुका असे केल्यास अपेक्षित यादी मिळते, कारण बरोबरीच्या घटकांचा आधीचा क्रम सॉर्टने जपला पाहिजे, हे इक्मास्क्रिप्टच्या (जावास्क्रिप्टच्या अधिकृत प्रमाणाच्या) २०१९ च्या आवृत्तीपासून बंधनकारक आहे. त्यापूर्वी क्रोम ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट चालवणारे व्ही८ इंजिन १० पेक्षा जास्त घटकांसाठी क्विकसॉर्ट ही क्रम लावण्याची रीत वापरत असे आणि त्यात हा क्रम टिकेलच असे नव्हते. चाचणीच्या छोट्या यादीत सारे सुरळीत चाले आणि खऱ्या यादीत बिघडे. स्तंभांच्या शीर्षकांवर वापरकर्त्याने एकामागून एक टिचकी मारायची असेल, तर ही पद्धत अगदी सहज बसते. आपले निकष मात्र ठरलेले आहेत, तेव्हा एकच फंक्शन बरे.

होटगी_रोड

दोघांचेही आभार. साखळीची ओळ वापरली आणि बहुतेक यादी बरोबर लागली. परंतु काही माल बोलीवर दिलेला असल्यामुळे त्या बिलांवर मुदतच नाही आणि नेमक्या त्यांच्या आसपास क्रम विस्कटतो.

विजापूर_वेस

मुदत ‘अनडिफाइन्ड’ (मूल्यच दिलेले नाही) असेल तर वजाबाकीचे उत्तर ‘नॅन’ येते. तेही असत्यच असल्यामुळे साखळी काहीही तक्रार न करता बाकीकडे सरकते. समजा, एकाच तालुक्यातील पहिल्या बिलाची मुदत ५ तारीख आणि बाकी १०,००० आहे, दुसऱ्याला मुदत नाही आणि बाकी २०,००० आहे, तर तिसऱ्याची मुदत १० तारीख आणि बाकी ३०,००० आहे. मुदतीप्रमाणे पहिले तिसऱ्याच्या आधी, बाकीप्रमाणे तिसरे दुसऱ्याच्या आधी आणि दुसरे पहिल्याच्या आधी. असे वर्तुळ तयार झाले की कोणत्याही सॉर्टला योग्य उत्तर देता येत नाही. मुदत ‘नल’ (मुद्दाम रिकामी ठेवलेली) असेल तर प्रकार वेगळाच: वजाबाकीत नलचा शून्य होतो, म्हणजे जावास्क्रिप्टची कालगणना जिथून सुरू होते तो १ जानेवारी १९७०, आणि ते बिल तालुक्यात सर्वांत वर जाऊन बसते.

म्हणून सॉर्टपूर्वीच प्रत्येक मुदतीचे मिलिसेकंदांत रूपांतर करून ठेवावे आणि जिथे मुदत नाही तिथे एक ठरावीक, फार मोठी संख्या घालावी. ती बिले आपापल्या तालुक्यात शेवटी, मोठ्या बाकीच्या क्रमाने येतील. मुदत नसलेली उधारी आधी वसूल करायची की नंतर, हे मात्र मालकांना विचारून ठरवावे.

तालुक्यांच्या तुलनेसाठी साध्या ‘लहान-मोठे’ चिन्हाऐवजी जावास्क्रिप्टच्या ‘इंटल’मधील ‘कोलेटर’ (भाषेच्या वर्णक्रमाने तुलना करणारे साधन) मराठीसाठी एकदाच, फंक्शनच्या बाहेर, तयार करून घ्यावा. साधे चिन्ह ज्या क्रमाने तुलना करते त्या युनिकोडमध्ये (अक्षरांच्या संगणकीय क्रमांकांत) ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. जिल्ह्यातील ११ तालुक्यांच्या नावांत ‘ळ’मुळे क्रम बदलत नाही, पण उद्या गिऱ्हाइकांच्या नावांवर यादी लावायची झाली तर बदलेल. खरे पाहता, वसुलीला रोज एकच तालुका घ्यायचा असेल तर अकारविल्हे क्रमाचा उपयोगच काय? तालुका आणि वसुलीचा वार यांचा छोटा तक्ता करून त्यातील क्रमांकांची वजाबाकी साखळीत पहिली ठेवावी.

जुळे_सोलापूर

एक राहिले. सॉर्ट मूळ ॲरेच (यादीच) बदलते. हीच यादी बिल क्रमांकाप्रमाणे दुसऱ्या पानावर दाखवत असाल, तर इक्मास्क्रिप्टच्या २०२३ च्या आवृत्तीत आलेली ‘टू-सॉर्टेड’ पद्धत वापरावी, ती नवीन ॲरे देते; मालकांच्या संगणकावर ब्राउझर जुना असल्यास आधी प्रत काढून त्या प्रतीवर सॉर्ट चालवावे.