ब्लॉग 'लिहायचो', मग पोस्ट 'टाकतो' का?

जुन्या मेल्स चाळत होते तर माझंच एक वाक्य सापडलं, "काल रात्री ब्लॉग लिहिला, वाचून सांग कसा वाटला." आणि त्याच मैत्रिणीला गेल्या आठवड्यात मी मेसेज केलाय, "पोस्ट टाकलीये, बघ." लिहिला-वाच चं टाकली-बघ कधी झालं कळलंच नाही मला. शब्द बदलला की कामच बदललं? का मी उगाच कीस काढतेय? आणि ब्लॉगला जालनिशी, अनुदिनी असे शब्द होते ना, ते कुठे गेले?

---

जालनिशी मला अजून आवडतो. त्यातली निशी म्हणजे रात्र नव्हे हां (रात्री जागून लिहायचो ते वेगळं), ती रोजनिशीतली, फारसी नवीस म्हणजे लिहिणारा, आपल्या चिटणीस-फडणवीसात बसलाय तोच. इंग्रजीत पण जवळपास हेच झालंय बघा, जॉर्न बार्गरने १९९७ साली वेबलॉग शब्द वापरात आणला, लॉग म्हणजे मुळात जहाजावरची नोंदवही, आणि १९९९ मध्ये पीटर मरहोल्झने गमतीत तो भलत्याच जागी तोडून 'वी ब्लॉग' (म्हणजे 'आम्ही ब्लॉगतो') केला. तिथे लगेच क्रियापद तयार! आपल्याकडे जालनिशीचं क्रियापद काय करणार? ब्लॉगणे म्हणून पाहिलं काहींनी, थट्टेपुरतंच राहिलं. अनुदिनीची अडचण वेगळीच, अनुदिनी म्हणजे दररोज, आणि आम्ही लिहायचो तीन महिन्यांतून एकदा.

---

टाकणे एवढं वाईट नाहीये हो. "पोचल्यावर पत्र टाक" म्हणायचेच की घरचे, त्यात कुठे फेकून देणं होतं? पेटीत सोडलं, आता ते आपल्या हातात नाही, एवढाच अर्थ. फरक इतकाच की पत्रावर कोणाचं तरी नाव असायचं.

पण मला वाटतं ही टाकणी ती नाहीच, ही 'लिहून टाक', 'सांगून टाक', 'करून टाक' मधली आहे, म्हणजे उरकून मोकळं होणं. त्यातलं लिहून गळलं, टाकणं उरलं. आणि एक मजा बघा, व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस २४ तासांत गायब होतं ते आपण 'ठेवतो', आणि पोस्ट वर्षानुवर्षं तशीच राहते, कोणीतरी कधीतरी उकरून काढतं, ती मात्र 'टाकतो'!

---

गळ पण टाकतातच. ट्रोलिंग म्हणजे चालत्या होडीमागे गळ ओढत मासे पकडणं, सुरुवातीला नेटवर पण तोच अर्थ लावायचे, मुद्दाम काहीतरी भडकाऊ टाकायचं आणि कोण गिळतंय बघत बसायचं. मराठीत आता "त्याला ट्रोल केलं" म्हणजे दहा जणांनी मिळून झोडपला. होडी उलटीच झाली की.

---

माझं लक्ष वाचकांवर. ब्लॉगला वाचक होते, आता फॉलोअर्स आहेत. मराठीत 'अनुयायी' म्हटलं की पंथ काढल्यासारखं वाटतं त्यामुळे तो शब्द कोणी घेतला नाही, बरंच झालं. इन्फ्लुएन्सरला प्रभावक लिहिलेलं वाचलंय, कृत्रिम वाटतं. त्यापेक्षा आपल्याकडे पडणे आणि पाडणे आहे ते जास्त नेमकं. चांगलं काही वाचलं की प्रभाव 'पडायचा', लिहिणाऱ्याला पत्ताही नसायचा. इन्फ्लुएन्सर तो 'पाडतो', ठरवून, वेळापत्रक लावून. एका कान्याएवढा फरक.

---

ठेवणे-टाकणे वहीत उतरवून घेतलंय, धन्यवाद. त्या मैत्रिणीलाच विचारलं शेवटी, तर म्हणते मी बघत पण नाही गं, स्क्रोल करते फक्त. आता याला काय म्हणायचं? सरकवणे म्हणजे नुसतं बोटाचं काम झालं. नजरेखालून घालणे म्हणावं तर त्यात थोडंतरी लक्ष लागतं. 'चाळणे' जवळ जातो, पण चाळताना मी काहीतरी शोधत असते, ती कुठे काय शोधतेय?