मदत हवी आहे: साडेचार वर्षांच्या मुलीला टीबी आहे का, बेडकाच पडत नाही तर कळणार कसं?

नमस्कार. आम्ही फोंड्याजवळ राहतो. मुलीला चवथीच्या (गणपतीच्या) आधीपासून खोकला आहे, तेव्हा पावसाचा म्हणून सोडून दिला, मग संध्याकाळी अंग गरम लागायला लागलं, थर्मामीटरवर शंभरच्या आसपास आणि सकाळी एकदम ठीक. दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला, चार दिवस बरं की परत तेच. जूनमध्ये वजन १३.४ किलो होतं, परवा १२.६ भरलं. एरवी पेज मागून खाणारी पोर आता दोन घास खाते आणि उठते.

मुख्य गोष्ट म्हणजे तिच्या आजोला, माझ्या सासऱ्यांना, जुलैमध्ये फुफ्फुसाचा टीबी निघाला, त्यांचं औषध चालू आहे. पण त्याआधी कितीतरी महिने ही रोज त्यांच्याच कुशीत झोपायची. तेव्हा घरातल्यांची तपासणी झाली पण ही धावतेय खेळतेय म्हणून हिच्याकडे कोणी नीट बघितलं नाही, मीपण धरून बसले नाही, ते आता मनातून जात नाही.

आतापर्यंत मांटू (हातावर टोचून किती सूज येते बघतात ती टीबीची टेस्ट) केली ती १४ मिमी आली. एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या मुळाशी गाठी सुजल्यात म्हणतात. बेडक्यासाठी डबी दिली होती, तिने त्यात नुसती लाळ थुंकली, ती टेस्ट निगेटिव्ह. आता घरात प्रत्येकाचं वेगळं. नवरा म्हणतो निगेटिव्ह म्हणजे नाही. नणंद म्हणते मांटू बीसीजीच्या लसीमुळे पॉझिटिव्ह येते. एका लॅबवाल्याने टीबीची अँटिबॉडी टेस्ट रक्तातून करून घ्या सांगितलं. आणि बांबोळीला मुलांचे डॉक्टर म्हणाले दोन दिवस अ‍ॅडमिट करा, सकाळी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढून तपासू. ते ऐकून सासूबाई रडायला लागल्या, इवल्याशा पोरीला नळ्या घालू नका म्हणून. कोणाच्या मुलाचं असं केलंय का? खरंच गरज आहे का, की सरळ औषध सुरू करायला सांगू? आणि धाकटा अकरा महिन्यांचा आहे, त्याला काहीच होत नाहीये, त्याचं काय करायचं?

प्रतिसाद:
ताई, माझ्या मुलाचं तीन वर्षांपूर्वी हेच झालं, तो तेव्हा पाच वर्षांचा होता, म्हणून सविस्तर लिहितोय. लहान मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळतात. रात्रभर गिळलेला तो पोटात साठतो म्हणून पहाटे उपाशीपोटी, मूल उठून चालायला लागायच्या आत नळीने काढतात. त्यासाठीच अ‍ॅडमिट करतात, दुसरं काही नाही. नळी घालताना मुलगा जोरात रडला, खोटं सांगत नाही, पण पाच-दहा मिनिटांत आटोपलं आणि अर्ध्या तासात तो बिस्किट खात होता. त्याला मांडीवर धरून ठेवायला मी होतो, त्याचा फरक पडतो.

लाळेची टेस्ट निगेटिव्ह आली त्याला काही अर्थ नाही. आणि मुलांच्या टीबीत जंतूच मुळात कमी असतात, त्यामुळे पोटातलं पाणी निगेटिव्ह आलं तरी टीबी नाही असं होत नाही. मग डॉक्टर घरातला पेशंट, मांटू, एक्स-रे आणि घटलेलं वजन असं सगळं एकत्र धरून ठरवतात. तुमच्याकडे तर चारही आहेत.

मग नळी कशाला? कारण जंतू सापडला तर सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या मशीनवरच्या टेस्टमध्ये रिफाम्पिसिन, म्हणजे टीबीचं मुख्य औषध, लागू पडेल की नाही तेपण कळतं. (ट्रूनॅट बनवणारी मोलबायो कंपनी आपल्या वेर्ण्याची आहे, मला त्याचा अभिमान वाटतो.) औषध आधी सुरू केलं तर जंतू सापडायची शक्यता आणखी कमी होते, म्हणून आधी नमुना. सासऱ्यांचा रेझिस्टन्सचा (जंतू औषधाला दाद देतो की नाही त्याचा) रिपोर्ट शोधून डॉक्टरांना नक्की दाखवा, नातीला बहुतेक त्यांचाच जंतू आलेला असणार.

अँटिबॉडीवाल्या रक्ताच्या टेस्टला पैसे देऊ नका, त्या विश्वासाच्या नाहीत म्हणून सरकारने २०१२ साली बंदीच घातलीय.

दुसरा प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत, मी नर्स आहे. बीसीजी घेतलेलं असलं तरी १० मिमी आणि वर म्हणजे पॉझिटिव्हच धरतात. पण मांटू फक्त जंतू शरीरात शिरलाय एवढंच सांगते, आजार झालाय का ते नाही, आणि खूप अशक्त मुलांत आजार असून निगेटिव्ह येऊ शकते. आणखी एक, मधल्या काळात कोणी लिव्होफ्लॉक्ससारखं अँटिबायोटिक दिलं तर विचारा कशाला, त्याने टीबी तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं.

धाकट्याला उद्याच घेऊन जा. पाच वर्षांखालच्यांना मेंदूचा टीबी व्हायची भीती जास्त असते. तपासणीत आजार नाही असं निघालं तर टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिड हे औषध सहा महिने देतात, अंगाला त्रास नसला तरी.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार. काल आणि आज नळी झाली. काल मी धरलं, आज नवऱ्याने, तो बाहेर आला तेव्हा त्याचेच डोळे भरले होते, पण आता तो निगेटिव्ह म्हणजे नाही असं म्हणत नाही. सासऱ्यांचा रिपोर्ट सापडला, रिफाम्पिसिन लागू पडतंय. कालचा नमुना निगेटिव्ह आला, आजचा यायचाय, कल्चरला (लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात त्याला) सहा आठवडे लागू शकतात. डॉक्टर म्हणाले आजचाही निगेटिव्ह आला तरी परवापासून औषध सुरू करणार. धाकट्याचा एक्स-रे स्वच्छ, त्याच्या गोळ्या आजपासून चालू. बालवाडीचं विचारलं तर म्हणाले अशा गाठीच्या टीबीत लहान मुलं सहसा दुसऱ्याला देत नाहीत, बरं वाटलं की पाठवा.

आता एकच विचारायचंय. गोळ्या पाण्यात विरघळवून उपाशीपोटी द्यायच्या आहेत आणि ही उठल्या उठल्या पेज मागते, त्याआधी ओकल्याशिवाय कशा पाजल्या तुम्ही?